उन्हाळ्यातील बालकांचे अपघात आणि शिक्षकाची जबाबदारी

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत एप्रिलच्या आरंभी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'सुटीपूर्व सूचना' एवढेच शब्द छापलेले आहेत. ह्या सूचना आपणांस पाठ आहेत. निकालपत्रके, शिल्लक तांदळाचा हिशेब, साहित्याची यादी, कपाटाच्या किल्ल्या. त्या वाचून दाखविण्यासाठी आपणांस ह्या उन्हात एवढ्या दुरून बोलाविण्याची काही गरज नव्हती. परिपत्रकात शेवटून दुसरी एक ओळ असते, तिच्याविषयी मी बोलणार आहे. 'विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेची योग्य ती काळजी घ्यावी.' ही ओळ लिहिणाऱ्यास सोपी आणि वाचणाऱ्यासही सोपी. काळजी कोणी घ्यावयाची, किती वाजेपर्यंत आणि कोठपर्यंत, हे तीत नसते. मूल बुडाले म्हणजे मात्र नेमके हेच तीन प्रश्न उभे राहतात, आणि ते विचारणारा विस्तार अधिकारी नसतो. पोलीस ठाण्याचा अंमलदार असतो, पुढे न्यायाधीश असतो, आणि त्या दोघांच्याही आधी त्या मुलाची आई असते.

आपल्या जिल्ह्याच्या उन्हाळ्याचे वर्णन मी आपणांपुढे करावे, हे हास्यास्पद होईल. २३ मे २०१३ रोजी नागपूरला ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली. तापमापक सावलीत, हवा खेळेल अशा पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो, हे विज्ञानाच्या पुस्तकात आपण शिकवितो. म्हणजे हा आकडा सावलीतल्या हवेचा. पत्र्याच्या वर्गखोलीतील, डांबरी सडकेवरील किंवा अनवाणी पायाखालच्या मातीतील उष्णता ह्याहून पुष्कळच अधिक असते. ह्याच कारणास्तव विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरच्या सुमारास उघडतात. तथापि शाळा बंद करण्याच्या बाबतीत आपले एवढे चालत नाही. २०२५ साली वार्षिक परीक्षाच एप्रिलच्या पंचवीस तारखेपर्यंत लांबल्या, आणि कडक उन्हाचे कितीतरी दिवस मूल आपल्या ताब्यात राहिले. 'ताब्यात' हा शब्द मी हेतुपुरस्सर वापरला आहे. आजचे माझे सारे सांगणे त्या एका शब्दाभोवती आहे.

प्रथम पाण्याविषयी बोलू. ऊन, विंचू, साप, वीज ह्या सर्वांहून उन्हाळ्यात मला भय वाटते ते पाण्याचे. ऐकणाऱ्यास हे चमत्कारिक वाटेल, कारण उन्हाळ्यात पाणी कमी होते. पण पाणी कमी झाले म्हणजेच ते मुलांच्या आवाक्यात येते. पावसाळ्यात कन्हानच्या पुराजवळ मूल जात नाही. पूर स्वतःच त्याला भिववितो. एप्रिलात तीच नदी घोट्याएवढी होते, मुले वाळूतून चालत जातात, आणि जेथे यंत्राने वाळू उपसलेली आहे तेथे दोन पावलांत घोट्याचे पाणी डोक्यावर जाते. वरून पाहता दोन्ही ठिकाणचे पाणी सारखेच दिसते. मुरुमाच्या आणि दगडाच्या खदानींचेही तेच. त्यांचा काठ उतरता नसतो, तो सरळ तुटलेला असतो. पोहता येणाऱ्या मुलालाही वर चढण्यास हात धरावयास जागा सापडत नाही. पेंचच्या कालव्याला अस्तर केलेले आहे. त्याच्या शेवाळलेल्या उतारावरून मोठा माणूससुद्धा घसरतो. कुही-भिवापूरकडील गावांना गोसीखुर्दच्या फुगवट्याचे पाणी आता दाराशी आले आहे. त्या गावांतील आजोबांनी नातवाला शिकवावे असे जे नदीचे ज्ञान होते ते जुन्या नदीचे होते. नव्या पाण्याचा अंदाज तेथे आजोबांनाही नाही.

आता एक गोष्ट सांगतो. ती माझी स्वतःची आहे आणि माझ्या अधिकारपदास शोभणारी नाही.

तीसेक वर्षांपूर्वी मी एका द्विशिक्षकी शाळेवर सहायक शिक्षक होतो. गावाचे नाव सांगत नाही. एप्रिल महिना, सकाळची शाळा, सुटण्याची वेळ अकरा. मुख्याध्यापक रजेवर होते. मला एका लग्नास जावयाचे होते आणि एस. टी. गावाच्या फाट्यावर दहाच्या सुमारास येत असे. मी पावणेदहाला शाळा सोडली. मुलांना आनंद झाला. शाळा लवकर सुटल्याचे कोणत्या मुलाला दुःख होते? शिक्षक हजेरीपटावर निघण्याच्या वेळेच्या रकान्यात मी अकरा लिहिले आणि फाट्याची वाट धरली.

तिसरीतील एका मुलाची आई तेव्हा मोहफुले वेचावयास जंगलात गेली होती. आपणांपैकी रामटेक, पारशिवनीकडील मंडळींना हे सांगणे नको. मोहाच्या दिवसांत बाया पहाटे अंधारात निघतात आणि ऊन चढल्यावर परततात. ती माऊली अकराच्या हिशेबाने परतत होती. घरी कोणी नाही, म्हणून मुलगा दोन सोबत्यांसह खदानीवर गेला. पाण्यात उतरला, घसरला. शेळ्या राखणारा एक म्हातारा जवळ होता, त्याने काठी दिली, मग स्वतः उतरला. मुलगा वाचला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. मी शब्द जुळवून ठेवले होते. ती भांडली नाही, रडली नाही. दारातच उभी राहून तिने विचारले, "गुरुजी, शाळा किती वाजता सुटते जी?" मी म्हणालो, अकराला. ती "बरं" म्हणाली आणि गेली. अकरा हा आकडा वहीतही होता. तिने वही मागितली नाही, आणि कोणीच कधी मागितली नाही.

त्या मुलाचे काही बरेवाईट झाले असते तर कायद्याने मला काय विचारले असते, हे मी पुढे कितीतरी वर्षांनी वाचले. ते आपणांस सांगणे मला अगत्याचे वाटते. मी वकील नव्हे. शिक्षकाला समजावे अशा बेताने सांगतो.

शाळामास्तराने मुलांची काळजी किती घ्यावी, ह्याचे एक जुने माप विलायतेतील न्यायालयाने १८९३ साली दिले. 'विल्यम्स विरुद्ध ईडी' ह्या नावाने तो खटला ओळखला जातो. शाळेत ठेवलेले फॉस्फरस मुलांच्या हाती लागले आणि एक मुलगा भाजला. दक्ष पिता स्वतःच्या मुलांची जेवढी काळजी घेईल तेवढी शिक्षकाने घेतली पाहिजे, असे त्या निकालाचे तात्पर्य. ह्या मापाकडे नीट पाहावे. ते देवाचे माप नाही. ज्या गोष्टीची कोणालाही कल्पना येणे शक्य नव्हते तिच्याबद्दल शिक्षकाला धरीत नाहीत. पण ते कारकुनाचेही माप नाही. 'माझ्या कामाच्या यादीत हे नव्हते' हे उत्तर बापाला देता येत नाही, म्हणून शिक्षकालाही देता येत नाही.

आपल्या देशात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो अशाच एका उन्हाळ्यातून. २८ मे १९९५ रोजी पंजाबातील पठाणकोटजवळच्या एका शाळेची मुले शिक्षकांसह बियास नदीच्या काठी सहलीस गेली होती. नदीत चौदा मुले बुडून मरण पावली. 'एम. एस. ग्रेवाल विरुद्ध दीपचंद सूद' ह्या नावाने प्रकरण चालले आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली. शिक्षक कामावर असताना त्याच्या हातून निष्काळजीपणा घडला तर संस्थेला हात झटकता येत नाहीत, हे तत्त्व त्यात स्पष्ट झाले. आपली संस्था म्हणजे जिल्हा परिषद.

हे ऐकून काहींना हायसे वाटेल. भरपाई परिषदेने द्यावयाची, मग आपणांस कसली चिंता? पण जबाबदारी एकाच जातीची नसते. पैशाची भरपाई ही एक झाली. दुसरी फौजदारी, आणि ती संस्थेवर ढकलता येत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दल कलम ३०४-अ होते व शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. नव्या संहितेतील कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत आहे. ह्याशिवाय २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ७५ आहे. बालक ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे त्याने त्याला त्रास होईल अशा रीतीने जाणूनबुजून दुर्लक्ष केले, तर तो गुन्हा आहे. 'प्रत्यक्ष ताबा' हेच कायद्याचे शब्द. तिसरी जबाबदारी खात्याची, म्हणजे १९६४ च्या शिस्त व अपील नियमांखालील चौकशीची. तिची माहिती आपणांस दुर्दैवाने चांगली असते.

मी आपणांस भिववीत नाही. हातून चूक झाली की तुरुंग, असे फौजदारी कायदा म्हणत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात, तो डॉक्टरांच्या बाबतीतला होता, स्पष्ट केले की भरपाईस पुरेसा होणारा निष्काळजीपणा आणि गुन्हा ठरणारा निष्काळजीपणा ह्यांत अंतर आहे. दुसऱ्यास फार मोठी, घोर स्वरूपाची हयगय असावी लागते. मधल्या सुटीत मूल धावताना पडले आणि हात मोडला, तर मास्तर गुन्हेगार होत नाही. मुले कुंपणाबाहेर खदानीवर जातात हे ठाऊक असून मास्तर वर्गात वर्तमानपत्र वाचीत बसला, तर प्रश्न निराळा होतो. फरक त्या 'ठाऊक असून' मध्ये आहे.

आता माझ्या पावणेदहाकडे वळतो. शाळा मी सोडली होती. मग मूल माझ्या ताब्यात कोठे होते? मला वाटते, अकरापर्यंत ते माझ्याच ताब्यात होते. आईने मूल माझ्या हवाली केले होते ते सात ते अकरा. ती अकराला येणार हे मला ठाऊक होते, निदान ठाऊक असावयास हवे होते. गावातील निम्म्या बाया मोहावर गेल्या आहेत हे कोणत्या मास्तराला दिसत नाही? पुढचा सव्वा तास मी कोणाच्याही हवाली न करता उघड्यावर टाकून दिला. घंटा वाजविल्याने ताबा संपत नाही. पालकाला जी वेळ सांगितलेली असते, त्या वेळेला तो संपतो. वेळ बदलावयाची तर आदल्या दिवशी गावात सांगावे: दवंडी द्यावी, अंगणवाडीताईंकडे निरोप ठेवावा, पालकांच्या भ्रमणध्वनीवरील गटात लिहावे. गटातील संदेश मोहाच्या जंगलात पोहोचत नाही, हेही लक्षात असू द्यावे. आणि त्याच दिवशी काही कारणाने लवकर सोडणे भाग पडले, तर ज्यांच्या घरी कोणी नाही अशी मुले हात वर करून विचारावीत व शाळेतच थांबवावीत. वीस-पंचवीस पटाच्या शाळेत अशी चार-पाच मुले निघतात. तेंदूपत्त्याच्या दिवसांत शाळा सहसा बंद असते, पण निकालाच्या दिवशी, धान्यवाटपाच्या दिवशी आपण मुलांना बोलावतो. तेव्हाही हाच नियम.

पाणी आणावयास किंवा दुकानातून काही घेऊन यावयास मुलांना पाठविणे, ह्याविषयी मी अधिक बोलत नाही. खर्रा आणण्यास पाठविणारे मास्तर आता उरले नसावेत, अशी मी आशा करतो. मूल आपल्या कामासाठी आवाराबाहेर गेले, की वाटेतील विहीर, ट्रॅक्टर आणि कुत्रा ह्या सर्वांची जबाबदारी आपल्या खांद्यावर घेऊन गेले, असे समजावे.

मग सुटीत काय? मे महिन्यात मूल आईबापांचे असते आणि घरच्या विहिरीत ते पडले तर शिक्षकाला कोणी विचारणार नाही. हे सर्वसाधारणपणे खरे आहे. परंतु सुटीतही आपण नवोदयचे वर्ग घेतो, शिष्यवृत्तीचे घेतो, हौसेने छंदवर्ग घेतो. ते स्तुत्य आहे. पण मूल आले की ताबा आला. वर्ग विनामूल्य होता किंवा आदेशावाचून घेतला होता, म्हणून काळजीचे माप कमी होत नाही. दुसरे असे, की शाळा बंद असली तरी शाळेचे आवार उघडेच असते. सावली तेथे असते, ओटा तेथे असतो, कडुलिंबाचे झाड तेथे असते. सारे गाव जाणते की दुपारी मुले शाळेच्या ओट्यावर खेळतात, म्हणजे आपणही ते जाणतो.

ह्या संदर्भात एका झाडाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्या भागात कुंपणाला चंद्रज्योत लावतात. कोणी तिला मोगली एरंड म्हणतात, कोणी रतनजोत. गुरे तिला तोंड लावीत नाहीत, म्हणून कुंपणास चांगली. मुले मात्र तोंड लावतात. तिची बी सोलली की आत पांढरा गर निघतो, तो शेंगदाण्यासारखा लागतो म्हणतात. मग उलट्या, जुलाब, पोटात कळा. आणि एकाने खाल्ली तर दहांनी खाल्लेली असते, त्यामुळे अर्धा वर्ग एकदम आरोग्य केंद्रात जातो. आता ग्लासगो शहरातील एक प्रकरण ऐका. तेथील सार्वजनिक बागेत विषारी फळांचे एक झुडूप होते. फळे दिसावयास टपोरी व गोड. सात वर्षांच्या एका मुलाने ती खाल्ली आणि तो मेला. झाडाला काटेरी कुंपण नव्हते, मुलाला समजेल अशी सूचना नव्हती. १९२२ साली विलायतेच्या सर्वोच्च पीठाने ठरविले, की मुलाला भुरळ घालणारी धोक्याची वस्तू मुलांच्या वावराच्या जागी ठेवणाऱ्याला 'त्याने ती खावयास नको होती' असे म्हणून सुटता येणार नाही. फळ तोडणे हा मुलाचा अपराध मोजला गेला नाही, कारण फळ तोडणे हा मुलाचा स्वभाव आहे.

हे तत्त्व मला कायद्यापेक्षा अध्यापनशास्त्राचे वाटते. मूल खोडकर आहे, सांगितलेले ऐकत नाही, ही आपली नेहमीची तक्रार. आणि कायदा म्हणतो, ते ऐकणार नाही हे ठाऊक असल्यामुळेच तुमची जबाबदारी अधिक. म्हणून शाळेच्या कुंपणाला चंद्रज्योत असेल तर सुटीपूर्वी ती काढून टाकावी. फळकुटावर 'बिया खाऊ नयेत' असे लिहू नये. पहिलीतल्या मुलाला ते वाचता येत नाही आणि चौथीतल्याला त्यामुळे बिया आठवतात.

आवारातून शेवटच्या दिवशी एकदा मुलाच्या उंचीवरून फिरावे. मी हे अक्षरशः म्हणतो: गुडघ्यांवर बसून पाहावे. जमिनीतील पाण्याच्या टाकीचे झाकण मोठ्या माणसाला बंद दिसते. बसून पाहिले तर बोट जाईल एवढी फट असते आणि झाकण ओढता येते. लोखंडी फाटकाचे वरचे बिजागर गेलेले असते आणि फाटक केवळ सवयीने उभे असते. मुले त्यावर झोके घेतात. विजेचा मुख्य खटका बंद करून खोलीला कुलूप लावावे. लोंबणारी वायर असेल तर वीज कंपनीस लेखी कळवावे व त्याची पोच ठेवावी.

जुन्या कूपनलिकेचे स्वतंत्र सांगितले पाहिजे. हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात २००६ साली एक लहान मुलगा उघड्या कूपनलिकेत पडला आणि त्याची सुटका साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली. तो वाचला. त्यानंतर पडलेली कितीतरी मुले वाचली नाहीत. अखेर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नियम घालून दिले. नळाभोवती जमिनीच्या वर ०.३० मीटर व खाली ०.३० मीटर असा सिमेंटचा ओटा, तोंडावर घट्ट बसविलेले लोखंडी झाकण, काम चालू असता काटेरी तारेचे कुंपण, आणि सोडून दिलेली कूपनलिका तळापासून वरपर्यंत भरून टाकणे. ग्रामीण भागात ह्यावर देखरेख सरपंच आणि कृषी खात्याचा अधिकारी ह्यांनी करावयाची आहे. आपल्या गावाच्या वावरांत एप्रिलमध्ये नवी भोके पडतात, कारण पाणी लागत नाही. चारशे फूट जाऊन कोरडे निघाले की मालक निराश होऊन वरती एक गोणपाट टाकतो आणि घरी जातो. त्या निराश माणसाशी कायद्याच्या भाषेत बोलू नये. पण सरपंचास लेखी पत्र द्यावे आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात त्याची नोंद घ्यावी. ते आपले काम नव्हे असे कोणी म्हणेल. मुले कोठे खेळतात हे गावात आपल्याइतके कोणास ठाऊक आहे?

बाकीच्या गोष्टी आटोपशीर सांगतो, कारण त्यांची माहिती सर्वांस आहे, फक्त एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ती मुलांच्या कानी पडत नाही.

घरातील कूलर. पत्र्याचा देह, आत पाणी, खाली ओली फरशी, वर अनवाणी मूल. आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात माणसे त्याने मरतात. प्लग काढल्यावाचून पाणी भरू नये व चालू कूलरला हात लावू नये, हे दुसरीच्या मुलालाही पाठ करून घेता येते, आणि मूल घरी जाऊन बापाला दटावते.

उन्हाळ्यात लोक अंगणात भुईवर निजतात. मण्यार रात्री हिंडते आणि तिचा दंश पुष्कळदा झोपेत कळतही नाही. सकाळी मुलाच्या पापण्या मिटू लागतात, पोटात दुखते, आणि घरचे त्याला बाहेरचे समजतात. खाटेवर किंवा मच्छरदाणीत निजावे. बांधणे, कापणे, चोखणे काही करू नये. लस आरोग्य केंद्रात असते, मांत्रिकाकडे नसते.

ऊन लागलेले मूल बरळू लागले किंवा त्याला झापड येऊ लागली, तर ते साधे थकणे नव्हे. सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, मानेशी व काखेत ओले फडके ठेवावे आणि १०८ ला कळवावे. आधी थंड करावे, मग न्यावे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. खिशातील कांद्याविषयी माझे काही म्हणणे नाही. तो असू द्यावा, पण डोक्यावर दुपट्टाही असावा आणि पोटात पन्हे असावे.

बुडालेल्या मुलाला काढल्यावर उलटे टांगणे, डोक्यावर धरून गरगर फिरविणे, मिठात ठेवणे, हे सर्व मोलाची मिनिटे घालविणारे आहे. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबावी. हे शिकविण्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना पुढील परिषदेत बोलाविण्याची व्यवस्था मी करतो. बुडणाऱ्याच्या मागे उडी न घेता काठी, दोर, दुपट्टा फेकावा, हे मुलांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावे. एकामागून एक भाऊ बुडतात ते माहिती नसल्याने नव्हे, प्रेमामुळे. प्रेमाला हाताशी काहीतरी देऊन ठेवावे लागते.

चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती मोटारसायकल देणाऱ्या पालकांना, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात आलेले कलम १९९-अ वाचून दाखवावे. तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड मुलाला नव्हे, पालकाला अथवा मालकाला आहे. पालकसभेत एवढे वाक्य पुरते.

येथे आमच्या बाजूची एक कबुलीही दिली पाहिजे. द्विशिक्षकी शाळेतील एका शिक्षकाला आम्ही ह्याच दिवसांत प्रशिक्षणास, बैठकीस, माहिती जुळविण्यास बोलावितो. मागे पाच वर्ग आणि एक माणूस राहतो. तो फळ्याकडे वळला की चार वर्ग त्याच्या पाठीशी असतात. त्या वेळी अपघात झाला तर केवळ त्या एकट्याला विचारणे मला न्याय्य वाटत नाही. आपण एकटे आहोत, हे त्या दिवशी लेखी कळवावे. माझ्या नावाने कळवावे. मी ते पत्र आवक नोंदवहीत चढवीन. वरिष्ठांना अशी पत्रे आवडत नाहीत, मलाही फारशी आवडत नाहीत. तरी द्यावीत.

आणि अपघात झालाच तर? मुलाला प्रथम दवाखान्यात न्यावे; पालकांची, माझ्या परवानगीची वाट पाहू नये. मग पालकांना, मुख्याध्यापकांना, केंद्रप्रमुखांना कळवावे. त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी, घडलेले घडले तसे लिहावे: वेळ, जागा, आपण कोठे होतो. आपण जेथे नव्हतो तेथे होतो असे लिहू नये. चौकशीत शिक्षकाचा घात होतो तो बहुधा हयगयीपेक्षा खोट्या नोंदीने, कारण हयगयीला कारण असू शकते, खोट्या नोंदीला एकच कारण असते. ज्याने अकरा लिहिले आहेत तो हे सांगत आहे.

पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यूबद्दलची रक्कम २०२२ च्या शासन निर्णयाने दीड लाख रुपये करण्यात आली. अपंगत्वासाठीही तीत तरतूद आहे. प्रस्ताव मुख्याध्यापकाने पाठवावयाचा असतो, पोलिसांचा पंचनामा व वैद्यकीय कागद त्यास जोडावे लागतात. गावात पुष्कळदा 'मूल तर गेले, आता चिरफाड कशाला' म्हणून शवविच्छेदन टाळतात आणि मग आईबापांना हे पैसेही मिळत नाहीत. त्या क्षणी त्यांना हे सांगणे फार कठीण असते. तरी शेजारी बसून, हळू आवाजात, ते आपणांसच सांगावे लागते, कारण तेथे दुसऱ्या कोणास ते ठाऊक नसते.

एक प्रश्न मला दर वर्षी विचारतात, आणि आजही कोणी तरी विचारणारच, म्हणून उत्तर देऊन बसतो. सहलीपूर्वी किंवा सुटीतील वर्गापूर्वी पालकांकडून 'अपघात झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही' असे लिहून घेतले, तर चालते काय? संमतिपत्र जरूर घ्यावे. मूल कोठे जात आहे, कधी परतणार आहे, त्याला फिट येते काय, पोहता येते काय, हे पालकाला व आपणांस कळण्यासाठी ते घ्यावे. त्या शेवटच्या ओळीने मात्र आपला निष्काळजीपणा धुऊन निघत नाही. गेल्या वर्षी एका शाळेने मला असा नमुना दाखविला. त्यात ही ओळ ठळक अक्षरांत होती आणि शाळा सुटण्याच्या वेळेचा रकाना कोरा होता. मी ओळ खोडून घेतली व रकाना भरून घेतला. तो नमुना सोबत आणला आहे. प्रती टेबलावर ठेवल्या आहेत, जाताना प्रत्येकाने एक न्यावी.